पऱ्हाटी पेटवण्याआधी वाळूची वाट आखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कापसाच्या पऱ्हाट्या आणि सोयाबीनचं कुटार जाळून वाफ तयार करणाऱ्या प्रकल्पांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे आलेला मजकूर मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने वाचला, कारण वावरात पेटवून दिलेल्या पऱ्हाट्यांचा धूर मी लहानपणापासून पाहत आलो आहे. दुसऱ्यांदा वाचला तो एक गोष्ट शोधायला. ताशी किती टन वाफ, किती अनुदान, शेतकऱ्याला टनामागे काय भाव, हे सगळं त्यात होतं. भट्टीत वाळू कोणती आणि ती कशी फिरणार, याबद्दल एक ओळही नव्हती. मी आजवर वाचलेल्या निविदांमध्येही ती ओळ क्वचितच सापडली. म्हणून हे पत्र लिहितो आहे. जागेअभावी कापावंच लागलं तर माझ्याविषयीचा भाग कापा, वाळूविषयीचा ठेवा.

माझं वय ६७. चौतीस वर्षं बॉयलरच्या कामात गेली. सुरुवातीची अकरा पुण्यात ड्रॉइंग बोर्डावर, पुढची सगळी विदर्भात, प्रत्यक्ष भट्टीपाशी.

ज्यांनी अशी भट्टी आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या बॉयलरमध्ये सरपण लोखंडी जाळीवर जळतं. नव्या पद्धतीत जाळीच्या जागी अर्धा-एक मीटर खोल वाळूचा थर असतो आणि त्याच्या बुडाशी शेकडो नोझलांतून हवा सोडतात. हवा कमी असते तोवर ती कणांमधल्या फटींतून निसटून जाते, वाळू हलत नाही. वेग वाढवत नेला की एका क्षणी हवेचा रेटा आणि वाळूचं वजन बरोबरीला येतं, आणि वाळू पाण्यासारखी वागायला लागते. काठी खुपसली तर सहज आत जाते, दगड बुडतो, लाकडाची ढलपी तरंगते, वरची पातळी आपोआप सपाट होते. याला इंग्रजीत फ्लुइडाइज्ड बेड म्हणतात, कामगार नुसतं 'बेड' म्हणतात. तापलेल्या वाळूत सरपणाचा वाटा अगदी थोडा असतो, त्यामुळे ओलं, हलकं, राखेचं, कसंही इंधन चालतं, असं विकणारे सांगतात.

ही कल्पना शंभर वर्षांची आहे. जर्मनीत फ्रिट्झ विंकलरने लिग्नाइटपासून, म्हणजे हलक्या तपकिरी कोळशापासून, गॅस काढायला ती वापरली आणि १९२६ मध्ये लॉयना इथे मोठा प्रकल्प उभा राहिला. पुढे १९४२ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या बॅटन रूज इथे खनिज तेलापासून पेट्रोल काढण्यासाठी बारीक उत्प्रेरकाची भुकटी दोन भांड्यांत सतत फिरवत ठेवणारा कारखाना सुरू झाला. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांमध्ये त्याच घराण्यातली युनिटं आहेत. त्यांत भुकटी एका भांड्यातून बाहेर पडते, पाइपांतून दुसऱ्यात जाते आणि परत येते. उंच मनोरे, गॅसमधून भुकटी वेगळी करणारे सायक्लोन, तापलेल्या भुकटीवर चालणारे व्हॉल्व्ह, हे सगळं रिफायनरीला परवडतं. ताशी दहा टन वाफ लागणाऱ्या तेलगिरणीला किंवा धानाच्या मिलला परवडत नाही. तिला हवी आहे एकाच भांड्यात, आतल्या आत फिरणारी वाळू. मला ज्या आराखड्याबद्दल बोलायचं आहे तो हाच.

तो मला कसा कळला तेही सांगायला हवं, कारण ते मी पुस्तकातून शिकलो नाही.

मी ज्या गिरणीत होतो तिथला बॉयलर धानाच्या तुसावर चालायचा. तुसात राख खूप, वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा, पण ती राख जवळजवळ सगळी सिलिका. बेडला तिचा उपद्रव नसतो. एका वर्षी तुसाचा भाव चढला आणि मालकांनी ठरवलं की यंदा पऱ्हाटी आणि कुटार घ्यायचं. बॉयलर देणाऱ्या कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, चालेल, बेड आहे, काहीही चालतं. मीही मान डोलावली. ती मान डोलावणं मी आजवर विसरलेलो नाही.

अठरा दिवस ठीक गेले. एकोणिसाव्या दिवशी रात्रपाळीच्या ऑपरेटरने मला घरून बोलावून घेतलं. बेडमध्ये तापमान मोजणारे सहा थर्मोकपल होते. एकावर ९१० अंश, त्याच्यापासून दोन मीटरवरच्या दुसऱ्यावर ६४०. चांगल्या चालणाऱ्या बेडमध्ये हा फरक दहा-वीस अंशांचा असतो. विंडबॉक्सचा, म्हणजे नोझलांखालच्या हवेच्या पेटीचा, दाब पाण्याच्या ९०० मिलिमीटरवरून ७०० वर उतरलेला. दाब उतरला म्हणजे वाळू कमी झाली, असं समजून पाळीवरच्या माणसांनी संध्याकाळपासून आणखी वाळू ओतली होती आणि भट्टीत हवा ढकलणाऱ्या एफडी फॅनचा डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, उघडला होता. खरं तर वाळू होती तितकीच होती. तिच्या ढेपा झाल्या होत्या आणि हवा त्या ढेपांमधल्या भेगांतून सरळ वर पळत होती. पहाटे चारला बेड बसला, वाळूची हालचालच थांबली.

भट्टी गार करायला दोन दिवस दिले, मग माणसं छिन्नी-घण घेऊन आत उतरली. काही ढेपा पोत्याएवढ्या होत्या. बाहेरून हात लावता येईल इतक्या गार झालेल्या एका ढेपेवर घण बसला, ती फुटली आणि आतली अजून तापलेली वाळू एका तरुण मुलाच्या पायावर सांडली. घोट्यापर्यंत पाय भाजला. तो बरा झाला, आज त्याचं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे, पण त्या दिवशी त्याला खांद्यावर घेऊन मॅनहोलमधून बाहेर काढणाऱ्यांत मी होतो. या विषयावर मी शांतपणे बोलू शकत नाही त्याचं कारण हे आहे.

ढेपा का झाल्या? पऱ्हाटी, तुराट्या, कुटार यांच्या राखेत पोटॅश भरपूर असतं. आपण शेतात टाकतो तेच. नदीची वाळू म्हणजे सिलिका. पोटॅश आणि सिलिका हे दोन्ही वेगवेगळे असताना त्या तापमानाला टिकून असतात. एकत्र आले की साडेसातशे अंशांच्या आसपासच वितळायला लागतात, म्हणजे अगदी जुजबी कच्च्या काचेसारखं काहीतरी तयार होतं. वाळूच्या प्रत्येक कणावर त्याचं पातळ चिकट आवरण चढतं. कण एकमेकांवर आपटत फिरत असतील तोवर चिकटलेले सुटतातही. जिथे हालचाल मंदावते किंवा जिथे इंधन एकाच जागी पडून तापमान चढतं, तिथे ते एकदा चिकटले की सुटत नाहीत. आमच्या बेडमध्ये अशा दोन जागा होत्या आणि दोन्ही आराखड्यातच होत्या. इंधन दोनच ठिकाणांहून पडायचं, आणि कोपऱ्यांतली नोझलं भिंतीपासून लांब होती.

दुसरी अडचणही तेव्हाच लक्षात आली. वाळलेल्या पऱ्हाटीच्या वजनाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग तापताच गॅस होऊन निघून जातो. ढलपी हलकी, ती बेडवर तरंगते, गॅस वरच्या मोकळ्या जागेत जळतो, आणि वाळूला उष्णता मिळतच नाही. वरची जागा तापते, बेड थंड पडतो, ऑपरेटर आणखी इंधन ढकलतो. इंधनाला वाळूच्या पोटात ओढून नेणारं काहीतरी हवं होतं.

ते काहीतरी जपानमध्ये १९८०च्या दशकापासून वापरात होतं. एबारा कंपनीने शहरातला कचरा जाळण्यासाठी अशी भट्टी केली. मधल्या भागात हवा हळू, दोन्ही कडांना जोरात, आणि कडेच्या भिंती वर आत झुकलेल्या. कडेची वाळू उसळून त्या झुकलेल्या भिंतींवर आपटते, मध्यभागी पडते आणि मधल्या भागात सावकाश खाली उतरत जाते. कचरा मध्यावर टाकला की उतरणारी वाळू त्याला गिळून टाकते. दगड, खिळे, डबे तळाच्या उतारावरून कडेला सरकत जातात आणि बाहेर काढता येतात.

आतल्या आत फिरवण्याचा दुसरा प्रकार उंच भट्टीतला आहे. त्यात वाळू गॅसबरोबर थेट वर उडवतात आणि भट्टीच्या तोंडाशी यू आकाराच्या उभ्या पोलादी पट्ट्यांच्या रांगा लावतात. गॅस पट्ट्यांना वळसा घालून जातो, वाळू वळत नाही, ती पट्टीच्या खोबणीत आपटून खाली ओघळते. अमेरिकेच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्सची ही पद्धत. पुण्याच्या थरमॅक्सबरोबरच्या त्यांच्या भागीदारीतून तसे बॉयलर १९९०च्या दशकात आपल्याकडेही बसले. कोळशावर चालणाऱ्या मोठ्या बॉयलरसाठी ती चांगली आहे. माझं बोलणं पहिल्या प्रकाराबद्दल, कारण आपल्या तालुक्यातल्या गिरणीच्या मापाला तोच बसतो.

तो प्रकार कसा चालतो ते समजणं अवघड नाही. चुलीवरच्या पातेल्याला एकाच बाजूने जाळ लागला तर डाळ त्या बाजूला उसळून वर येते आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरते. त्याच तत्त्वावर बेडमध्ये मध्ये एक पोलादी पडदी उभी करा. खाली एक फट ठेवा आणि वर पडदीची कड वाळूच्या पातळीशी आणा. एका बाजूला हवा जोरात सोडा, दुसऱ्या बाजूला वाळू जेमतेम सैल राहील इतकीच. जोराच्या बाजूला बुडबुडे जास्त, म्हणून तिथली वाळू विरळ आणि एकूण हलकी. समजा शांत बाजूला एका घनमीटरमध्ये १३५० किलो वाळू आहे, उसळत्या बाजूला १००० किलो, आणि बेड ८० सेंटिमीटर खोल आहे. मग तळाशी दोन्ही बाजूंच्या दाबात २८० मिलिमीटर पाण्याइतका फरक पडतो. वाळू फटीतून सरकवणारा पंप तो हाच. त्याला ना मोटर, ना सील, ना व्हॉल्व्ह. वाळू शांत बाजूने खाली जाते, फटीतून उसळत्या बाजूला शिरते, वर फेकली जाते आणि पडदीवरून परत शांत बाजूला पडते.

बाष्पाच्या नळ्या शांत बाजूला घालायच्या. वाळूमुळे नळ्यांची होणारी झीज वेगावर फार अवलंबून असते. वेग दुप्पट झाला तर झीज साधारण चार ते आठ पट. उसळत्या बेडमधल्या नळ्या मी दोन हंगामांत कागदासारख्या झालेल्या पाहिल्या आहेत. शांत बाजूला नळ्या टिकतात आणि शिवाय त्या बाजूची हवा कमी-जास्त करून वाळूतून नळ्यांत जाणारी उष्णता कमी-जास्त करता येते. गिरणीची वाफेची मागणी दिवसात चार वेळा बदलते. जुन्या बेडमध्ये त्यासाठी बेडचा एखादा कप्पा बंद करावा लागतो आणि बंद कप्प्यात ढेपा होतात. इथे ती वेळ येत नाही.

हे सगळं कागदावर सरळ आहे. निवृत्तीनंतर मी ते करून पाहिलं.

घरामागच्या रिकाम्या गोठ्यात मी पारदर्शक ॲक्रिलिकच्या शीटचं एक थंड मॉडेल, म्हणजे आग न पेटवता नुसत्या हवेवर चालणारं, बांधलं. रुंदी ६० सेंटिमीटर, खोली १५, उंची सव्वा मीटर. खाली दोन वेगळे विंडबॉक्स, मध्ये वरखाली करता येणारी पडदी. आधी धान्य उफणायच्या पंख्याची हवा जोडून पाहिली, वाळू जागची हलली नाही. ३५ सेंटिमीटर वाळूला पाचशे मिलिमीटरच्या आसपास दाब लागतो, त्या पंख्यात तेवढा जोरच नव्हता. मग नागपूरच्या भंगार बाजारातून एक रिंग ब्लोअर आणला. पहिल्या दिवशी एकाच कोपऱ्यातून कारंजं उडालं आणि बाकीची वाळू तशीच बसून राहिली. हवा जिथे वाट सोपी मिळेल तिथूनच जाते. ती सगळीकडून सारखी यायला हवी असेल तर नोझलांच्या प्लेटनेही पुरेसा अडथळा करायला हवा, बेडच्या अडथळ्याच्या निदान दहा ते तीस टक्के. मी भोकांच्या दोन पत्र्यांमध्ये जाड खादीच्या घड्या दाबल्या. तेव्हा कुठे बेड उकळला.

बांधकामावरची वाळू तीन चाळण्यांनी चाळून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची घेतली. त्यातली दोन किलो कापड रंगवायच्या निळ्या रंगात उकळून वाळवली आणि शांत बाजूला वरून टाकली. ती निळी पट्टी सेकंदाला दोनेक सेंटिमीटर वेगाने खाली उतरताना माझ्या सातवीतल्या नातीने आणि मी बघितली. पट्टी फटीपाशी वळली, पलीकडे उधळली आणि वीस-पंचवीस सेकंदांनी वरून परत आली. नातीने घड्याळ लावून अकरा फेऱ्या मोजल्या. त्यानंतर निळी वाळू सगळीकडे इतकी मिसळली की मोजता येईना. आमच्या गिरणीतल्या त्या बेडमध्ये दोन मीटरवर २७० अंशांचा फरक पडला होता हे आठवून माझे डोळे भरून आले.

मग पऱ्हाटीचे बोटाएवढे तुकडे टाकले. उसळत्या बाजूला टाकले तर ते वरच नाचत राहतात. शांत बाजूला टाकले तर उतरणारी वाळू बऱ्याच तुकड्यांना खाली घेऊन जाते, सगळ्यांना नाही. सालीचे लांब धागे असलेले तुकडे एकमेकांत गुंततात आणि फटीच्या तोंडाशी अडकतात. म्हणजे भट्टीच्या आधी पऱ्हाटी कापण्याच्या यंत्राचाही विचार हवा. नुसती ठेचून चालत नाही, आखूड कापायला हवी.

फट किती ठेवावी यातच सगळं कौशल्य आहे. लहान ठेवली तर तुकडे, खडे, लहान ढेपा अडकून वाळूची फेरी थांबते. मोठी ठेवली तर एका बाजूची हवा पडदीखालून दुसऱ्या बाजूला निसटते. नुसतं जाळायचं असेल तर थोडी हवा निसटली तरी बिघडत नाही. पण याच रचनेत एका बाजूला वाफ सोडून लाकडापासून गॅस काढायचा आणि दुसऱ्या बाजूला उरलेला कोळसा जाळायचा असेल, तर निसटलेली हवा गॅस बिघडवते. ऑस्ट्रियात ग्युसिंग इथे हे काम दोन वेगळ्या भांड्यांत करून लाकडाच्या ८ मेगावॉट उष्णतेतून २ मेगावॉट वीज काढत असत. एका भांड्यात तेच करायचं तर फटीचा हिशेब आणखी काटेकोर हवा. निसटणारी हवा मोजायला माझ्याकडे उपकरण नव्हतं. शेजारच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तोड सुचवली. एका विंडबॉक्समध्ये आग विझवायच्या सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि दुसऱ्या बाजूच्या वरची हवा सिरिंजने ओढून चुन्याच्या निवळीत सोडायची. फट आठ सेंटिमीटर असताना निवळी लगेच पांढरी झाली. चारला जेमतेम गढूळली. आम्ही पाचवर थांबलो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला मॉडेलने नव्हे, मॉडेल आणि हिशेब शेजारी ठेवल्यावर कळली. अर्ध्या मिलिमीटरची वाळू थंड हवेत सैल व्हायला सेकंदाला साधारण २० सेंटिमीटर वेग लागतो. ८५० अंशांना तिलाच ९ सेंटिमीटर पुरतो, कारण तापलेल्या हवेचा चिकटपणा वाढतो. त्यात हवा तापून जवळजवळ चौपट फुगते. दोन्ही धरले तर गरम बेडला सैल ठेवायला फॅनने ढकलायची हवा थंड बेडच्या मानाने नवव्या हिश्श्याएवढीच उरते. आता ज्याने शांत बाजूची हवा थंड चाचणीच्या आकड्यावर कायम ठेवली, त्याची शांत बाजू भट्टी तापल्यावर शांत राहतच नाही. तीही उसळायला लागते. दोन्ही बाजूंची घनता सारखी होते, २८० मिलिमीटरचा तो पंप नाहीसा होतो, आणि वाळू फिरायची थांबते. बाहेरून बघणाऱ्याला सगळं जोरात चाललेलं दिसतं. म्हणून शांत बाजूच्या विंडबॉक्सला वेगळा डॅम्पर, वेगळं प्रवाहमापक आणि ऑपरेटरच्या हातात तापमानानुसार हवेचा तक्ता हवा. मी पाहिलेल्या दोन नव्या बॉयलरांत पडदी होती, पण विंडबॉक्स एकच होता.

वाळू फिरली म्हणून पोटॅश नाहीसं होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. फिरणाऱ्या वाळूत तापमान सारखं राहतं, ढेप धरायला वेळ मिळत नाही, आणि लहान ढेपा तळाच्या उतारावरून बाहेर काढता येतात. पण कणांवर आवरण चढतच राहतं, म्हणून रोज थोडी जुनी वाळू काढून नवी घालायला हवी, बेड ८०० अंशांच्या आत ठेवायला हवा, आणि जमेल तिथे सिलिकाच्या जागी डोलोमाइट, बॉक्साइटसारखा खडा वापरायला हवा. तो महाग पडतो. एकोणिसाव्या दिवशी भट्टी फोडणं त्याहून महाग पडतं.

आता मागणी. बॉयलरसाठीचा १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला आहे. बाष्पके संचालनालयाचे निरीक्षक ड्रम, नळ्या, वेल्ड, सेफ्टी व्हॉल्व्ह बारकाईने पाहतात, हायड्रो, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, घेतात. त्यांच्यामुळे बॉयलर सहसा फुटत नाहीत आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण वाळूचा बेड दाबाखालचा भाग नाही, त्यामुळे तो कोणाच्याच तपासणीत येत नाही. जिथे अनुदान आहे तिथे अनुदान देणाऱ्याने तो पाहायला हवा. पऱ्हाटीवरच्या बॉयलरच्या निविदेत त्या तालुक्यातल्या पऱ्हाटीच्या आणि कुटाराच्या राखेची तपासणी जोडलेली असावी. एका नमुन्याची नको, काढणीच्या वेळच्या आणि पावसात भिजून निघालेल्या मालाचीही, कारण पावसाने पोटॅश बरंच धुऊन जातं आणि आकडे बदलतात. आणि बॉयलर देणाऱ्याने पोलाद कापण्याआधी थंड मॉडेलमध्ये रंगीत वाळूची फेरी दाखवावी. गिरणीमालकाने, ऑपरेटरने आणि बँकेच्या माणसाने ती डोळ्यांनी बघावी. माझ्या मॉडेलला बॉयलरच्या किमतीच्या मानाने काहीच खर्च आला नाही.

माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा इथे या विषयातली माणसं आहेत. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. या तिघांनी एकत्र बसून विदर्भाच्या मालासाठी एका मापाचा, समजा ताशी पाच ते दहा टन वाफेचा, आराखडा खुला करावा. त्यात कापूस संस्थेला मी मुद्दाम धरतो. गुलाबी बोंडअळीमुळे हंगाम संपला की पऱ्हाट्या लवकर उपटा, बांधावर रचून ठेवू नका, असं शास्त्रज्ञ दरवर्षी सांगतात. प्रकल्पाला मात्र वर्षभर पुरेल एवढा साठा लागतो. वावरातल्या पऱ्हाट्या उचलून गिरणीच्या आवारात डोंगर रचला तर अळीची सोय गावाच्या वेशीवर केल्यासारखं होईल. आणल्या दिवशीच कापून, वाळवून, दाबून पेलेट म्हणजे लहान कांड्या केलेला माल साठवला तर अळीही जाते आणि बेडला सारख्या मापाचा तुकडाही मिळतो. शेती आणि भट्टी या दोन्हींचं हित एकाच यंत्रात आहे, आणि ते यंत्र अजून कुठल्याच प्रकल्प अहवालात मी वेगळ्या शीर्षकाखाली पाहिलेलं नाही.

माझं मॉडेल अजून गोठ्यात उभं आहे. ॲक्रिलिकला आता ओरखडे पडले आहेत, पण ब्लोअर चालतो. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या कोणत्याही अभियांत्रिकी कॉलेजने किंवा आयटीआयने ते न्यावं, मोबदला नको. सोबत चाळलेल्या वाळूची तीन पोती, निळ्या वाळूचा डबा आणि नातीने लिहिलेली फेऱ्यांची वही देईन. फक्त ते प्रदर्शनासाठी काचेच्या कपाटात ठेवू नका. तिथल्या बॉयलर अटेंडंटच्या वर्गातल्या मुलांना त्यावर स्वतः हवा कमी-जास्त करू द्या, वाळू कधी फिरते आणि कधी थांबते ते त्यांच्या हाताला कळू द्या. रात्रपाळीला दाब उतरलेला त्यांनाच दिसणार आहे.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अभियंता, हिंगणघाट
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. मॉडेल हवं असल्यास कृपया त्यांच्यामार्फत कळवावं.)